अर्थ न बदलता

इंग्रजी व्याकरण शिकणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक सूचना तोंडपाठ असते : अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा. कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करा, ‘टू’ काढून ‘सो… दॅट’ घाला, होकारार्थी वाक्य नकारार्थी करा, तुलनेच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जा. वाक्याचे रूप पालटले पाहिजे, पण अर्थाला धक्का लागता कामा नये. मुले हे काम सराईतपणे करतात आणि गुण मिळवतात. परंतु या साध्या सूचनेत एक मोठे तत्त्वज्ञान गृहीत धरलेले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्थ ही शब्दांहून वेगळी, स्वतंत्र अशी वस्तू आहे. शब्द म्हणजे तिची वस्त्रे. वस्त्रे बदलली तरी माणूस तोच राहतो, असे ते तत्त्वज्ञान. ते कितपत खरे आहे? आणि एकाच अर्थाची अनेक रूपे समोर असताना त्यांतून एक निवडणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, की त्या निवडीला काही नैतिक बाजूही आहे? या लेखात हाच विचार मांडायचा आहे.

अगदी रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. दार लावायला सांगायचे आहे. ‘शट द डोअर’ ही झाली आज्ञा. तिच्यामागे ‘प्लीज’ जोडले की तिची विनंती होते. ‘कुड यू शट द डोअर’ असे म्हटले की आज्ञा प्रश्नाचा वेश घेते. ‘वुड यू माइंड’ अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याची संमती मागितली जाते. ‘आय वंडर’ म्हणून बोलणारा जणू स्वतःशीच पुटपुटतो. आणि ‘इट इज कोल्ड इन हिअर’ एवढेच बोलून जो थांबतो, त्याने दाराचे नावदेखील घेतलेले नसते. तरी दार लागते! आपल्या मराठीतही ‘दार लाव’, ‘दार लावता का जरा’ आणि ‘वारा फार येतोय हो’ ही तिन्ही वाक्ये एकाच दाराकडे जातात. दारापुरते पाहिले तर या सर्वांचा अर्थ एकच आहे. पण दार लावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने? पहिल्या वाक्यात तो हुकमाचा ताबेदार आहे, तिसऱ्यात त्याच्या इच्छेला किंमत आहे, शेवटच्यात तर त्याच्या समजूतदारपणावर सारी भिस्त ठेवलेली आहे. दार एकच, माणसामाणसांतले नाते मात्र प्रत्येक वाक्यागणिक निराळे. नाते जिथे बदलते तिथे नीतीचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

इंग्रजी भाषेत हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो, कारण त्या भाषेचे शब्दभांडार एका खाणीतून आलेले नाही. अँग्लो-सॅक्सन लोकांची मूळची जर्मॅनिक बोली हा तिचा पाया. इ. स. ५९७ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टीन केंटच्या किनाऱ्यावर उतरले आणि ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द त्या बोलीत येऊ लागले. पुढे उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांनी आपले शब्द दिले. ‘ते’ या अर्थाचे ‘दे’ हे रोजचे सर्वनामसुद्धा त्यांचेच. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हापासून काही शतके दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात पंडितांनी लॅटिन व ग्रीक शब्दांची आणखी भर घातली. परिणामी एकेका अर्थाला दोन-दोन, तीन-तीन शब्द मिळाले. विचारणे म्हणजे ‘आस्क’, तेच ‘क्वेश्चन’, तेच ‘इंटरॉगेट’. पहिला शब्द घरातला, दुसरा फ्रेंच दरबारातून आलेला, तिसरा थेट लॅटिन ग्रंथातला. आई मुलाला ‘आस्क’ करते, पोलीस ‘इंटरॉगेट’ करतात. पवित्र या अर्थी ‘होली’, ‘सेक्रेड’ आणि ‘कॉन्सिक्रेटेड’ असे तीन शब्द एका रांगेत उभे आहेत. पैकी ‘होली’ हा जुना शब्द अखंड, सुदृढ या अर्थाच्या ‘होल’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. पावित्र्य म्हणजे माणसाचे अखंडपण, ही केवढी मोठी शिकवण त्या नात्यात दडलेली आहे! ‘सेक्रेड’ म्हटले की ती लोप पावते आणि वेदीजवळचे गांभीर्य तेवढे उरते.

प्रभू येशूसाठी इंग्रजीत ‘लॉर्ड’ हा शब्द वापरतात. लॅटिनमध्ये ‘डॉमिनस’ म्हणजे घराचा धनी. ‘लॉर्ड’चे मूळ मात्र प्राचीन इंग्रजीतल्या ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाच्या जोडशब्दात आहे. आश्रितांना भाकरी पुरवतो तो धनी, ही त्या शेतकरी समाजाची कल्पना. ज्या प्रभूने भाकरी हातात घेऊन स्वतःलाच वाटून दिले, त्याला याहून समर्पक संबोधन शोधूनही सापडले नसते. तसेच ‘होली गोस्ट’ आणि ‘होली स्पिरिट’ यांचे. दोन्हींचा निर्देश त्रैक्यातील तिसऱ्या व्यक्तीकडेच. पण ‘गोस्ट’ म्हणजे भूत असा अर्थ लोकांच्या तोंडी रूढ होत गेला आणि जुने, जिव्हाळ्याचे नाव मुलांना भिववू लागले. म्हणून ते प्रार्थनेतून हळूहळू मागे सरले.

या विपुलतेशी इंग्रजांनी दोन प्रकारांनी व्यवहार केला. १८१६ साली जॉर्ज क्रॅब यांनी समानार्थी शब्दांचा एक कोश प्रसिद्ध केला. समान दिसणाऱ्या शब्दांत भेद कुठे आहे हे उलगडून दाखविणे हा त्याचा हेतू. १८५२ साली पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा सुप्रसिद्ध ‘थिसॉरस’ निघाला. त्यात एक हजार कल्पनांखाली जवळजवळचे शब्द एकत्र मांडलेले होते. क्रॅब म्हणतात, नीट पाहा, हे शब्द वेगळे आहेत. रोजे म्हणतात, घ्या, हवा तो उचला. लोकप्रियता रोजे यांच्या वाट्याला आली, हे साहजिकच आहे. उचलणे सोपे असते, पारखणे अवघड. पण शब्द उचलणाऱ्या हातावर पारखण्याचे कर्तव्य असतेच.

समान अर्थ म्हणजे नेमके काय, याचा काटेकोर विचार जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांनी १८९२ च्या एका निबंधात केला. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा या दोन नावांनी दर्शविला जाणारा गोल एकच, शुक्र. तरी ‘पहाटेचा ताराच संध्याकाळचा तारा आहे’ हे वाक्य आपल्याला काही नवीन सांगते. म्हणजे निर्देश एकच असूनही त्याकडे पोहोचण्याची रीत वेगळी असते आणि ती रीत अर्थाचाच भाग असते. यापलीकडे शब्दाला रंगही असतो, असे फ्रेग यांचे म्हणणे. साधा कुत्रा आणि हीन जातीचे भिकार कुत्रे या अर्थाचे दोन जर्मन शब्द एकाच प्राण्याला लागतात. विधान खरे की खोटे यात त्यामुळे फरक पडत नाही, पण बोलणाऱ्याची तुच्छता दुसऱ्या शब्दात उमटते. तर्कशास्त्राला हा रंग बाजूला ठेवता येतो. नीतीला तो ठेवता येत नाही. माणसाविषयी बोलताना रंगातूनच न्याय किंवा अन्याय घडतो.

शब्दाची निवड किती जिवावर बेतू शकते, याचा दाखला इंग्लंडच्या धर्मेतिहासात आहे. विल्यम टिंडेल यांचे नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर १५२६ मध्ये वर्म्स येथे छापले गेले. मूळ ग्रीक ‘आगापे’ या शब्दासाठी लॅटिन बायबलमध्ये ‘कारितास’ होता आणि त्यावरून आलेला ‘चॅरिटी’ हा शब्द इंग्रजी ख्रिस्ती परंपरेत रुळलेला होता. टिंडेल यांनी तो टाकून ‘लव्ह’ घातला. ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’ आणि धर्मगुरूच्या जागी ज्येष्ठ या अर्थाचा शब्द वापरला. सर थॉमस मोर यांनी १५२९ च्या आपल्या ग्रंथात यावर कठोर टीका केली. ग्रीक शब्दाचा अर्थ तसा होऊ शकतो हे त्या विद्वानाला ठाऊक नव्हते असे नाही. ख्रिस्तसभा, याजकपण आणि सत्कृत्यांची शिकवण ज्या शब्दांच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या लोकांच्या मनात उभी होती, ते खांब एकेक करून हलविले जात आहेत, ही त्यांची व्यथा होती. टिंडेल यांचे उत्तर असे, की रूढ शब्दांवर चढलेली पुटे दूर झाल्याखेरीज मूळ वचन सामान्य माणसाच्या कानी पडणार नाही. पुढे १५३५ मध्ये राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिल्याबद्दल मोर यांचा शिरच्छेद झाला. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्ड येथे टिंडेल यांना गळा आवळून मारण्यात आले व त्यांचा देह जाळण्यात आला. मोर यांना १९३५ साली संतपद मिळाले. कॅथलिक या नात्याने आपले मन मोर यांच्याकडे ओढ घेते. तथापि शब्दासाठी प्राण पणाला लावणारी ही दोन्ही माणसे, ‘शब्दांचे काय एवढे’ असे म्हणणाऱ्यांना आयुष्यभर पुरेल इतके उत्तर देऊन गेली आहेत, हे मान्य केले पाहिजे.

या वादाचा पुढचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. कॅथलिकांच्या १५८२ च्या र्‍हाइम्स नव्या करारात ‘चॅरिटी’ होताच. पण १६११ च्या प्रोटेस्टंट किंग जेम्स आवृत्तीनेही संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात टिंडेल यांचा ‘लव्ह’ सोडून पुन्हा ‘चॅरिटी’ स्वीकारला. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ‘लव्ह’ परत आला आणि आज कॅथलिकांच्या प्रचलित इंग्रजी आवृत्त्यांतही बहुधा ‘लव्ह’च वाचला जातो. असे का झाले? कारण मधल्या काळात ‘चॅरिटी’ आकसला. तो दानधर्माच्या पेटीत आणि संस्थांच्या नोंदणीत जाऊन बसला. ज्या अर्थाच्या रक्षणासाठी मोर यांनी तो शब्द धरून ठेवला, तो अर्थच शब्दातून निसटला. दुसऱ्या बाजूने ‘लव्ह’ही स्वस्त झाला, आइस्क्रीमपासून ईश्वरापर्यंत सगळ्यांना तो सारखाच लागू लागला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या २००५ च्या पहिल्या परिपत्रकाच्या शीर्षकातील ‘कारितास’ इंग्रजीत ‘लव्ह’ झाला आणि त्यांच्याच २००९ च्या परिपत्रकातील ‘कारितास’ इंग्रजीत ‘चॅरिटी’ झाला. एकाच पोपमहोदयांचा एकच लॅटिन शब्द चार वर्षांत दोन इंग्रजी रूपांत प्रकटला आणि दोन्ही ठिकाणी तो योग्यच वाटतो. एका शब्दात न मावणारा अर्थ दोन शब्दांत वाटून ठेवावा लागला, एवढेच.

यातून एक तत्त्व हाती लागते. शब्द तोच ठेवल्याने अर्थ तोच राहील, अशी खात्री देता येत नाही. भाषा नदीसारखी वाहते. काठावरचा खुंट जागेवर असला तरी त्याच्याजवळचे पाणी बदललेले असते. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उद्‍घाटन करताना पोप तेविसावे जॉन यांनी श्रद्धेचा ठेवा आणि तो व्यक्त करण्याची पद्धती यांत भेद केला होता. ठेवा अबाधित राखूनही मांडणी काळानुरूप करता येते, हा त्या भाषणाचा रोख होता. त्याला पूरक अशी सावधगिरीची सूचना ३ सप्टेंबर १९६५ च्या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी दिली. ख्रिस्तशरीर संस्काराविषयी ख्रिस्तसभेने शतकानुशतके घडविलेली परिभाषा कोणी आपल्या मर्जीनुसार बदलू नये, असे त्यांनी बजावले. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतील. पण वडिलोपार्जित घर राखायचे तर काही वासे बदलावे लागतात आणि काही भिंतींना हात लावता येत नाही. कोणता वासा आणि कोणती भिंत, हे ओळखण्यातच शहाणपण आहे.

इंग्रजी मिस्साच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात हे शहाणपण शोधण्याची धडपड दिसते. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे सांगण्यासाठी एक ग्रीक शब्द योजला. त्या शब्दात एका अक्षराची भर घातली की ‘सारख्या तत्त्वाचा’ असा दुसराच शब्द होई आणि त्या एका अक्षराभोवती पुढे कितीतरी वर्षे वाद धुमसला. १९७३ च्या इंग्रजी मिस्सा-ग्रंथात हा आशय साध्या शब्दांत, ‘वन इन बीइंग’ असा आला. २०११ पासून वापरात आलेल्या नव्या भाषांतरात त्याची जागा ‘कॉन्सबस्टॅन्शियल’ या लॅटिनमूल शब्दाने घेतली. पहिला शब्दप्रयोग आजीबाईंनाही उच्चारता येतो. पण तो उच्चारताना कोणी थबकत नाही. दुसऱ्यावर जीभ अडखळते. पण अडखळल्यामुळेच कदाचित एखादा विचारतो, याचा अर्थ काय? साधेपणा हा श्रोत्यावरच्या प्रेमाचा एक प्रकार आहे. नेमकेपणा हा सत्यावरच्या प्रेमाचा. दोहोंची सांगड घालावी लागते आणि प्रत्येक वेळी ती घालताना काहीतरी सोडावे लागते.

त्याच दोन भाषांतरांतला दुसरा एक फरक आपल्याला या लेखाच्या मुख्य मुद्द्यापाशी आणतो. मिस्साच्या आरंभीच्या पापकबुलीच्या प्रार्थनेत, लॅटिनमध्ये उपासक तीन वेळा छाती बडवून ‘माझा अपराध’ असे म्हणतो. १९७३ च्या इंग्रजीत हे एकदाच म्हटले जात असे. २०११ मध्ये ते पुन्हा तीनदा झाले. माहिती म्हणून पाहिले तर तीनदा सांगितल्याने काहीही अधिक कळत नाही. पण कबुली ही माहिती नसतेच. ती कृती असते.

इथे शाळेतला तो कर्तरी-कर्मणी प्रयोग आठवावा. ‘आय ब्रोक द कप’ याचे ‘द कप वॉज ब्रोकन बाय मी’ असे रूपांतर झाले की पूर्ण गुण. मात्र कर्मणी प्रयोगात कर्ता गाळण्याची मुभा असते. तेव्हा ‘द कप वॉज ब्रोकन’ एवढ्यावरही भागते. त्यापुढे ‘द कप ब्रोक’. कप चारही वाक्यांत फुटलेलाच आहे, पण फोडणारा पायरीपायरीने खोलीबाहेर निघून गेलेला आहे! मराठीत ‘मी कप फोडला’, ‘माझ्या हातून कप फुटला’, ‘कप फुटला’ अशा पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर एक प्रामाणिक जागा आहे : हेतू नव्हता, पण हात माझाच होता. इंग्रजीत ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे वाक्य राजकारणात आणि कचेऱ्यांत इतके रुळले आहे, की चुका जणू पावसासारख्या आभाळातून पडतात असे वाटावे. कुमसाराच्या वेळी असे बोलून चालेल काय? ‘काही पापे घडली’ असे कोणी धर्मगुरूंना सांगितले, तर ते म्हणतील, कोणाकडून? त्या संस्कारात वाक्याला कर्ता लागतो आणि तो कर्ता ‘मी’ असावा लागतो. अर्थ न बदलता ते वाक्य दुसऱ्या कोणत्याही प्रकाराने लिहिता येत नाही.

जुन्या करारातील दावीद राजाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. उरीयाला ठरवून मृत्यूच्या तोंडी दिल्यानंतर राजा सेनापतीला निरोप धाडतो : मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला, अशा आशयाचा. वाक्य खोटे नाही. रणात असे घडतेच. पण त्या वाक्यात कर्ता तलवार आहे. राजा कुठेच नाही. पुढे नाथान संदेष्टा येतो. तोही सरळ बोलत नाही. एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो आणि राजाचा क्रोध चांगला पेटल्यावर ‘तो माणूस तूच’ हे त्याच्यासमोर ठेवतो. तेव्हा दाविदाच्या तोंडून पापाची कबुली निघते आणि तिचा कर्ता दावीद स्वतः असतो. आडवळणाने राजा बोलला, आडवळणाने संदेष्टाही बोलला. राजाचे आडवळण सत्यापासून दूर नेणारे होते, संदेष्ट्याचे सत्याच्या दारात आणून सोडणारे. म्हणून, वाक्य सरळ आहे की वळणाचे, सौम्य आहे की कठोर, यावरून त्याची नीती ठरत नाही. ते ऐकणाऱ्याला कुठे नेते, यावरून ती ठरते.

विसाव्या शतकात बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एका निबंधात याच दुखण्यावर बोट ठेवले. निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकून तिथल्या रहिवाशांना परागंदा केले जाते आणि त्याला ‘पॅसिफिकेशन’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणे, असे नाव दिले जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९९१ च्या आखाती युद्धात ‘कोलॅटरल डॅमेज’ हा शब्दप्रयोग जगाच्या कानी पडला; मेलेली माणसे त्यात ओळखूही येत नाहीत. कामावरून काढून टाकलेल्या माणसाला ‘डाउनसाइझिंग’ झाले असे सांगितले जाते, जणू कोणी एखादे वस्त्र आखूड केले. आपल्या देशात गर्भपाताला मुभा देणाऱ्या १९७१ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘टर्मिनेशन’ हा शब्द आहे. एखादा करार संपवावा तसा तो शब्द. ज्या जिवाचा प्रश्न आहे तो त्या शब्दाच्या आसपासही फिरकत नाही. अशा ठिकाणी लॅटिन वळणाचे लांबलचक शब्द निवडले जातात हा योगायोग नव्हे. ‘किल’ हा छोटा, जुना, घरगुती शब्द कानावर पडताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. मोठ्या शब्दामुळे चित्र उभे राहत नाही आणि चित्र नसले की विवेकबुद्धीला झोप लागते.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० च्या आपल्या ग्रंथात संमतीचे दोन प्रकार सांगितले : कल्पनेपुरती संमती आणि प्रत्यक्ष संमती. एकच विधान आपण दोन्ही प्रकारांनी मानू शकतो. सर्व माणसे मर्त्य आहेत हे कोण नाकारील? पण मीही मरणार आहे, हे एखाद्या रात्री ज्याला मनोमन उमगते, त्याने त्याच विधानाला वेगळ्याच अर्थाने होकार दिलेला असतो. शब्दांच्या निवडीचे महत्त्व यातच आहे. काही शब्द कल्पनेपाशी थांबतात, काही काळजापर्यंत पोहोचतात. जे काळजापर्यंत पोहोचायला हवे, त्यासाठी मुद्दाम वाटेत थांबणारे शब्द निवडणे, ही एक प्रकारची असत्यता आहे. मग त्यातील प्रत्येक शब्द कोशाप्रमाणे कितीही बिनचूक असो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. सौम्य शब्द नेहमी लबाडीचेच असतात काय? घरात मृत्यू झाला असता आपण ‘मेला’ म्हणत नाही. ‘गेले’, ‘देवाघरी गेले’ असे म्हणतो. इंग्रजही ‘पास्ड अवे’ म्हणतात. असाध्य आजाराच्या रुग्णाला सत्य सांगताना डॉक्टर शब्द तोलून वापरतात. हे सारे असत्य मानायचे काय? मुळीच नाही. संत पौल एफेसकरांना प्रीतीने सत्य बोलायला सांगतो. सत्य आणि प्रीती यांपैकी एक निवडा, असे तो सांगत नाही. ‘देवाघरी गेले’ हे ऐकणाऱ्याला मृत्यूची बातमी पूर्णपणे कळते. वर त्याला आशेचा हात मिळतो. ‘पॅसिफिकेशन’ ऐकणाऱ्याला खेडे जळाल्याची बातमी कळतच नाही. इथेच मला या साऱ्या प्रश्नाची कसोटी सापडते असे वाटते. शब्द मऊ केल्यावरही ऐकणाऱ्याला जे कळायला हवे ते कळले काय? आणि तो मऊपणा कोणासाठी होता? त्याच्या दुःखासाठी, की माझ्या सोयीसाठी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘त्याच्यासाठी’ असे आले, तर शब्द कितीही बदलले तरी अर्थ बदलला नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

शब्दांच्या या विपुलतेला भिण्याचे कारण नाही, हे आपल्याच मातीत वावरलेल्या एका इंग्रज धर्मगुरूच्या उदाहरणावरून कळते. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर कठीण दिवस आलेले असताना विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स हा तरुण येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला. मायदेशातील आणि परागंदा झालेले इंग्रज विद्वान ‘चॅरिटी’ की ‘लव्ह’ यावर भांडत होते, त्याच काळात फादर स्टीफन्स येथील बोली शिकत होते आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत कशी उतरवावी याचा ध्यास घेत होते. १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे योजला. त्या शब्दामागे वेगळी धर्मपरंपरा आहे हे त्यांच्यासारख्या अभ्यासकाला ठाऊक असणारच. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात आधीच घर करून असलेल्या शब्दातून नवा अर्थ त्याच्या घरात शिरू शकेल, असा त्यांचा विश्वास असावा. जोखीम होतीच. पण प्रीती असते तिथे शब्दांची जोखीम पत्करावी लागते.

संत लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्याच्या तीन कथा एकापाठोपाठ येतात : मेंढपाळाचे हरवलेले मेंढरू, बाईचे हरवलेले नाणे आणि बापाचा हरवलेला मुलगा. तिन्हींचा आशय एकच आहे, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सांगतो आणि ते खरेही आहे. मग प्रभूने तीनदा का सांगितले? रानात राबणाऱ्याला मेंढरू कळते, घर झाडणाऱ्या बाईला नाणे कळते आणि ज्याच्या काळजाला मुलाची जखम आहे त्याला तिसरी कथा कळते. देवाच्या दयेचा अर्थ बदललेला नव्हता. तो ऐकणाऱ्यांपैकी कोणीही बाहेर राहू नये, म्हणून प्रभूने शब्द बदलले होते.